चार वर्षं झाली, तो एक लॅप काही संपत नाही!

अबुधाबी, १२ डिसेंबर २०२१. फॉर्म्युला वनची ती रेस तीर्थपुरीत मोबाइलच्या स्क्रीनवर पाहिलेली पोरं आज कुणी गॅरेजमध्ये आहे, कुणी पोलीस भरतीच्या मैदानावर. पण भेटली की विषय तोच. शेवटच्या क्षणी नियम वाकवला की नाही?

‘तीर्थपुरीत फॉर्म्युला वन बघतात?’

हा प्रश्न मी कॉलेजात इतक्यांदा ऐकलाय की उत्तर पाठ झालंय. हो, बघतात. घनसावंगी तालुक्यातलं आमचं गाव. हिवाळा आला की सागर कारखान्याकडे उसाच्या डबल ट्रॉल्या निघतात, आणि त्यांच्या मागे अडकलं की मोटारसायकलवाल्यालासुद्धा ओव्हरटेक म्हणजे काय ते बरोबर कळतं. अशा गावात ताशी तीनशे किलोमीटरनं पळणाऱ्या गाड्यांचे फॅन आहेत. फार नाहीत. बोटावर मोजण्याइतके. पण आहेत, आणि कट्टर आहेत.

हे खूळ आलं लॉकडाऊनमध्ये. शाळा मोबाइलवर भरायची, त्यामुळे घरोघरी मोबाइल आले, नेट आलं. शाळा सुटल्यावर मोबाइल परत द्यायचा असतो हे कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. कुणाच्या तरी दाजीचा नेटफ्लिक्सचा पासवर्ड मिळाला आणि ‘ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह’ ही सिरीज एका आठवड्यात फस्त झाली. मग खरी रेस बघायची म्हणून हॉटस्टार. बघता बघता गल्लीत पार्ट्या पडल्या. एक मॅक्सवाला, एक लुईसवाला. माझा चुलत भाऊ कधी इकडे, कधी तिकडे. आणि मी फेरारीवाली. म्हणजे जिंकण्याशी आमचा फारसा संबंध नाही, हे त्या दोघांनी मला रोज ऐकवायचं.

त्या रविवारी आम्ही सगळे बारावीला होतो. एसटीचा संप चालू होता, त्यामुळे बाहेरगावी शिकणारे पण गावातच अडकलेले. २१ तारखेला नगरपंचायतीचं मतदान, म्हणून प्रचाराच्या रिक्षा दिवसभर भोंगे वाजवत फिरत होत्या. संध्याकाळी साडेसहाला रेस सुरू झाली तेव्हा आमच्या ओसरीत एक मोबाइल, स्टीलच्या डब्याला टेकवलेला. समोर सहा डोकी. आणि मागे बाजेवर आजोबा, ज्यांना यातलं काहीच कळत नव्हतं, पण उठूनही जायचं नव्हतं.

३६९.५ विरुद्ध ३६९.५

ज्यांनी ती रेस पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

वर्षभरात २१ रेस झाल्या होत्या. बावीसावी आणि शेवटची अबुधाबीच्या यास मरीना सर्किटवर. त्याआधी रेड बुलचा मॅक्स व्हर्स्टापेन आणि मर्सिडीजचा लुईस हॅमिल्टन, दोघांचे गुण सारखे. ३६९.५ आणि ३६९.५. अर्ध्या गुणापर्यंत बरोबरी! जो पुढे संपवणार तो जगज्जेता. हॅमिल्टनकडे आधीच सात जगज्जेतेपदं होती, मायकेल शूमाकरइतकीच. आठवं मिळालं असतं तर तो इतिहासात एकटा उरला असता. व्हर्स्टापेनला पहिलं हवं होतं.

५८ लॅपची रेस. व्हर्स्टापेन सगळ्यात पुढून सुटला, पण पहिल्या वळणाआधीच हॅमिल्टननं त्याला मागे टाकलं. पुढे सहाव्या वळणावर व्हर्स्टापेन आत घुसला, हॅमिल्टन ट्रॅक सोडून बाहेरून गेला आणि पुढेच राहिला. पंचांनी त्यावर काही कारवाई केली नाही. मॅक्सवाला तेव्हाच बाजेवर हात आपटून मोकळा झाला.

मग आला सर्जिओ पेरेझ. व्हर्स्टापेनचा टीममधला जोडीदार. जुन्या टायरवर त्यानं हॅमिल्टनला असं काही अडवून धरलं की मागून व्हर्स्टापेननं कित्येक सेकंद भरून काढले. आमच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली जशी सगळ्या गाड्यांना मागे धरते, अगदी तसं. एवढं होऊनही हॅमिल्टन पुन्हा पुढे निघाला. पन्नास लॅप झाले तेव्हा त्याच्याकडे दहा सेकंदांहून जास्त आघाडी होती. फॉर्म्युला वनमध्ये दहा सेकंद म्हणजे एक युग. लुईसवाला उठून पाणी प्यायला गेला. इतका निवांत.

५३ व्या लॅपला विल्यम्सच्या निकोलस लतिफीची गाडी चौदाव्या वळणावर भिंतीला धडकली.

बस्स. इथून पुढचं जे काही आहे, त्यावर चार वर्षं वाद चालू आहे.

मधल्या पाच गाड्या

अपघात झाला की ट्रॅकवर सेफ्टी कार येते. सगळ्यांनी तिच्या मागे सावकाश चालायचं, ओव्हरटेक नाही. म्हणजे हॅमिल्टनची सगळी आघाडी गेली. व्हर्स्टापेन लगेच पिटमध्ये गेला आणि त्यानं नवे सॉफ्ट टायर घातले. हॅमिल्टनला जाता येईना. तो आत गेला असता आणि व्हर्स्टापेन बाहेरच राहिला असता, तर पहिला नंबर हातचा गेला असता. त्यामुळे हॅमिल्टनच्या गाडीला चौदाव्या लॅपला घातलेले तेच हार्ड टायर. चाळीसहून जास्त लॅप झिजलेले.

पण दोघांच्या मध्ये पाच गाड्या होत्या. नॉरिस, अलोन्सो, ओकॉन, लेक्लेर, व्हेटेल. हे सगळे एक लॅप मागे पडलेले, फक्त रांगेत मध्ये आलेले. अशा गाड्यांना पुढे जाऊ द्यायचं की नाही, हे रेस डायरेक्टर ठरवतो. तेव्हा मायकेल मासी रेस डायरेक्टर होते. आधी संदेश आला, लॅप मागच्या गाड्यांना ओव्हरटेकची परवानगी नाही. थोड्या वेळानं दुसरा संदेश. त्या पाचांनी पुढे जावं. फक्त त्या पाचांनी. रिकार्डो, स्ट्रोल आणि मिक शूमाकर हेही लॅप मागे होते, त्यांना सांगितलंच नाही.

आणि दुसरी गोष्ट. नियमात असं होतं की लॅप मागच्या गाड्या पुढे गेल्या की त्याच्या पुढच्या लॅपच्या शेवटी सेफ्टी कार आत येईल. तसं केलं असतं तर रेस सेफ्टी कारच्या मागेच संपली असती आणि हॅमिल्टन जगज्जेता झाला असता. पण सेफ्टी कार त्याच लॅपला आत आली. उरला एकच लॅप.

नवे टायर विरुद्ध झिजलेले टायर. पाचव्या वळणावर व्हर्स्टापेन आत घुसला.

आमच्या मोबाइलवर हे दिसायच्या आधीच चुलत भावाच्या फोनवर पुण्याच्या मित्राचा मेसेज आला, ‘गेला!!!!’ कारण लाइव्ह म्हणवणारं आमचं प्रक्षेपण बरंच मागे चालायचं. कोण गेला, पुढे गेला की कामातून गेला, काही कळेना. ते काही सेकंद आम्ही सहाही जण श्वास रोखून बसलो. मग दिसलं. २.२५६ सेकंदांनी व्हर्स्टापेन जिंकला. मॅक्सवाला अंगणात पळत सुटला. लुईसवाल्यानं चप्पल घातली आणि काही न बोलता घरी गेला. दोन गल्ल्या सोडून घर, पण पुढचे तीन आठवडे तो आमच्याकडे फिरकला नाही.

‘गाडीची चूक नाही, घड्याळाची आहे’

आता चार वर्षांनी दोघांना पुन्हा समोरासमोर बसवलं. या लेखासाठी. खरं तर त्यांना बसवायची गरज नसते, विषय काढला की झालं.

मॅक्सवाला आयटीआय करून आता गॅरेजमध्ये काम करतो. दिवसभर टायर, बेअरिंग, ग्रीस. त्याचं म्हणणं आता जास्त मुद्देसूद झालंय. तो म्हणतो, रेस शेवटी टायरवर ठरली आणि टायरचा निर्णय टीमचा असतो. लतिफीची गाडी मॅक्सनं भिंतीवर घातली नव्हती. सेफ्टी कार मॅक्सनं बोलावली नव्हती. त्याला एक लॅप मिळाला, त्यानं त्यात जे करायचं ते केलं. आणि पुढची तीन वर्षं, २०२२, २३, २४, तोच जगज्जेता झाला, मग तेव्हा कोणी मदत केली होती? शिवाय त्याचा हुकमी मुद्दा, रेस बघायला आलेल्या लोकांना शेवटचे पाच लॅप वरातीसारखे बघायला लावायचे का?

लुईसवाला पोलीस भरतीची तयारी करतोय. रोज पहाटे मैदानावर. भरतीत १६०० मीटर पळायचं असतं, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकचे चार लॅप, आणि गुण वेळेवर मिळतात. काही सेकंद इकडे तिकडे झाले की गुण जातात आणि एका गुणावर यादीतले शेकडो जण वरखाली होतात. त्याला विचारलं, अजून मॅक्सचा राग येतो का? तो म्हणाला, ‘नाही गं. तो पळाला, दुसरं काय करणार. राग त्याचा नाही, ज्याच्या हातात घड्याळ होतं त्याचा आहे. मी चौथ्या लॅपला असताना कुणी म्हटलं की तुझी आघाडी मोजायची नाही, सगळे पुन्हा एका रेषेत या, तर?’

मॅक्सवाला यावर पहिल्यांदाच गप्प बसला. मग म्हणाला, ‘पण सेफ्टी कारचा नियमच तसा आहे ना. आघाडी जातेच.’

‘आघाडी जाऊ दे. पाचच गाड्या का?’

हा ‘पाचच का’ चार वर्षं तिथंच अडकलाय.

तिकडे अबुधाबी, इकडे शंकरपट

त्या रात्री आजोबांनी एकच प्रश्न विचारला होता. ‘पट सुटायच्या आधी नियम सांगितला व्हता का?’

त्यांच्यासाठी शर्यत म्हणजे शंकरपट. पुणे, सातारा, सांगलीकडे बैलगाडा शर्यत म्हणतात, आपल्या मराठवाड्यात आणि विदर्भात शंकरपट. बैलजोडी, हलका छकडा, सरळ धावपट्टी आणि घड्याळ. सेकंदाच्या भागावर बक्षीस ठरतं. त्यांच्या तरुणपणातल्या एका पटाची गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितलीय की मला ती पाहिल्यासारखी आठवते. दोन जोड्यांची वेळ सारखी आली. एका पंचानं म्हटलं पुन्हा पळवा, दुसरा म्हणाला अंधार पडला, बक्षीस वाटून द्या. शेवटी वाटून दिलं. दोन्ही मालक नाराज होऊन घरी गेले, पण भांडण झालं नाही. कारण ‘सारखी वेळ आली तर वाटून’ हे सकाळीच सगळ्यांसमोर सांगितलेलं होतं. माणूस हरण्यानं तेवढा दुखावत नाही, असं त्यांचं म्हणणं. आधी एक सांगून नंतर दुसरं केलं की दुखावतो.

योगायोग बघा. अबुधाबीनंतर मर्सिडीजनं त्याच रात्री दोन तक्रारी दाखल केल्या. दोन्ही फेटाळल्या गेल्या. मग त्यांनी अपिलाचा इरादा कळवला आणि चार दिवसांनी, १६ डिसेंबर २०२१ ला, ते अपील सोडून दिलं. निकालावर तेव्हा शिक्का बसला. आणि नेमक्या त्याच दिवशी, १६ डिसेंबरला, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींना अटींसह परवानगी दिली.

ही बंदी लहान नव्हती. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतीही थांबवल्या होत्या. २०१७ मध्ये राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली, पण त्याच वर्षी उच्च न्यायालयात प्रकरण अडकलं. म्हणजे आमच्या वयाच्या पोरांचं अख्खं शाळेचं वय पट न बघता गेलं. मग २०२१ ची परवानगी आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं या कायद्यांवर शिक्कामोर्तब केलं.

आमच्या ओसरीत त्या आठवड्यात गंमतच झाली. आजोबा पेपर हातात घेऊन खूश आणि लुईसवाला घरात तोंड पाडून. एकाची शर्यत परत आली, एकाची हातातून गेली.

पण परत आलेला पट जसाच्या तसा नव्हता. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी लागते, काठी, चाबूक, विजेचा झटका यांना बंदी आहे. आजोबांच्या पिढीतल्या अनेकांना हे आधी जाचक वाटलं. ‘बैल काय शाळेत जातंय का, सर्टिफिकेट कामून?’ असं पारावर ऐकू यायचं. ज्यांनी मुक्या जनावरांसाठी कोर्टात भांडण केलं, त्यांना अजूनही या शर्यती मान्य नाहीत, आणि पटाच्या मैदानावर बैलाच्या तोंडाला आलेला फेस पाहिला की त्यांचं म्हणणं उडवून लावता येत नाही. पण निदान आता काय चालतं आणि काय चालत नाही, हे कागदावर आहे. पळणाऱ्याला माहीत आहे, बघणाऱ्यालाही.

चोरट्या दारूची गाडी आणि पहिला विजेता

अबुधाबीचा नाद मला पुढे अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसिंगपर्यंत घेऊन गेला. फॉर्म्युला वनची गाडी रेससाठीच बनवतात. स्टॉक कार म्हणजे मुळात शोरूममध्ये मिळते तशी गाडी. (आताच्या स्टॉक कार आतून पूर्ण रेसिंगच्याच असतात, बाहेरून फक्त तसं रूप.) नॅसकार ही तिथली मोठी संस्था १९४८ मध्ये स्थापन झाली. आपला नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये तिच्या ट्रक मालिकेत पळाला आणि पहिल्याच रेसमध्ये तेरावा आला, हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतं.

या नॅसकारची ‘जशीच्या तशी’ गाड्यांची पहिली रेस १९ जून १९४९ ला शार्लटच्या मातीच्या ट्रॅकवर झाली. ग्लेन डनवे पहिला आला. मग गाडी तपासली, तर मागच्या स्प्रिंगमध्ये फेरफार सापडला. ती गाडी चोरटी दारू वाहायला वापरत होते, वजन पेलावं म्हणून केलेली दुरुस्ती. डनवे बाद, दुसरा आलेला जिम रोपर विजेता. म्हणजे त्या खेळाची पहिली रेसच वादात! पण नियम आधी लिहिलेला होता, गाडी त्यात बसली नाही, विषय संपला.

आणि तिथली सगळ्यात गाजलेली रेस, जिच्या आठवणी तिकडचे म्हातारे फॅन अजून काढतात, ती १८ फेब्रुवारी १९७९ ची डेटोना ५००. पाचशे मैल, दोनशे लॅप. अमेरिकेत अशी रेस पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत टीव्हीवर थेट दाखवत होते, आणि देशाच्या पूर्व भागात बर्फाचं वादळ, त्यामुळे लोक घरातच. ज्यांनी कधी रेस पाहिली नव्हती त्यांनीही टीव्ही लावलेला. शेवटच्या लॅपला पुढचे दोघे, डॉनी ॲलिसन आणि केल यारबरो, एकमेकांना घासत घासत भिंतीवर गेले. मागून येणारा रिचर्ड पेटी जिंकला. इकडे पेटी झेंड्याखालून जातोय आणि तिकडे गवतात डॉनीचा भाऊ बॉबी आणि यारबरो यांची मारामारी चाललीय, हे सगळं लोकांनी घरात बसून पाहिलं. त्या एका दिवसानं या खेळाला घराघरांत नेलं असं मानतात.

चुलत भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, अबुधाबीनं आपल्याकडे तेच केलं की. त्या दिवसानंतर गावात फॅन वाढले. भांडण बघायला आले आणि रेस बघायला थांबले.

मला मात्र तिथला दुसरा एक नियम जास्त आवडला. नॅसकारमध्ये रेसच्या अगदी शेवटी अपघात झाला, तर रेस सावकाश रांगेत संपवत नाहीत. जादा लॅप पळवतात. हा नियम त्यांच्या सर्वांत मोठ्या मालिकेत २००४ पासून आहे. लोकांना थरारक शेवट हवा असतो हे त्यांनी मान्य केलं आणि त्याची सोय आधीच लिहून ठेवली. म्हणजे मॅक्सवाल्याची इच्छाही पुरी होते आणि लुईसवाल्याची तक्रारही उरत नाही. अबुधाबीत पण सगळ्यांना रेस पळतानाच संपायला हवी होती. फक्त ती सोय ऐनवेळी, एका माणसानं, रेडिओवर दोन्हीकडून आरडाओरडा चालू असताना केली.

तोच रविवार

बातम्या चाळताना अजून एक गोष्ट सापडली. १२ डिसेंबर २०२१ लाच महाराष्ट्रात म्हाडाच्या भरतीची परीक्षा होती. पेपर फोडण्याचा डाव उघडकीला आला आणि आदल्या मध्यरात्रीनंतर परीक्षा पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. एसटी बंद, तरी काही मुलं आधीच परीक्षेच्या गावी पोचलेली होती, काही पहाटेच निघायच्या तयारीत. परीक्षा थांबवणं बरोबरच होतं, फुटलेल्या पेपरवर घेऊन काय उपयोग? पण ज्यानं वर्षभर अभ्यास केला आणि कुठलाच डाव खेळला नाही, त्याच्या नशिबी काय आलं? रात्री दोनला उजेडात मोबाइल बघणं.

म्हणून अबुधाबीची रेस आमच्या पिढीला इतकी लागली असेल का? मला तसं वाटतं. आम्हाला हॅमिल्टनच्या आठव्या जगज्जेतेपदाशी काय देणंघेणं? तो कुठे, आम्ही कुठे. पण ५७ लॅप सगळं बरोबर करायचं आणि अठ्ठावन्नाव्याला कुणीतरी वरून सांगायचं की आता असं, हे ज्याला कळलं नाही असा भरतीची तयारी करणारा मुलगा जालना जिल्ह्यात शोधून सापडणार नाही.

फॉर्म्युला वन चालवणाऱ्या एफआयएनं पुढे चौकशी केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये मासी यांना रेस डायरेक्टरच्या पदावरून हटवलं. मार्चमध्ये अहवाल आला. माणसाकडून चूक झाली, पण हेतू प्रामाणिक होता, आणि निकाल कायम. नियमही दुरुस्त केला. आधी लॅप मागच्या ‘कोणत्याही’ गाड्यांना पुढे जाऊ देता येईल असं होतं, तिथं ‘सर्व’ गाड्या असं केलं. एवढा मोठा वाद, आणि दुरुस्ती एका शब्दाची.

लुईसवाल्याला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं विचार केला आणि म्हणाला, ‘म्हणजे चूक होती हे मान्य केलं. बास की.’ मॅक्सवाला म्हणाला, ‘पण निकाल कायम ठेवला. बास की.’ दोघंही एकाच अहवालावर समाधानी. हा चमत्कारच म्हणायचा.

आणि तिसरा?

आता माझी पार्टी. फेरारीवाल्यांना कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

त्या शेवटच्या लॅपला हॅमिल्टनच्या मागे व्हर्स्टापेनला वाट मोकळी करून दिली. पण व्हर्स्टापेनच्या मागे, लॅप मागच्या गाड्या तशाच मध्ये ठेवून, एक जण उभा होता. फेरारीचा कार्लोस सेन्झ. तिसऱ्या नंबरवर. पुढे दोघे जिवाच्या आकांतानं भांडणार, कदाचित १९७९ सारखे एकमेकांना धडकणार, आणि मग तिसऱ्यालाही संधी मिळू शकते. रिचर्ड पेटीला मिळाली होतीच की! पण सेन्झला तेवढी वाटही मोकळी नव्हती, आणि पाठीमागून दुसरे त्याच्यावर चाल करून येणार. त्यानं कसाबसा तिसरा नंबर राखला, आणि त्या गुणांवर तो वर्षाच्या यादीत नॉरिस आणि लेक्लेरला मागे टाकून पाचवा आला.

चार वर्षं जगभर वाद झाला तो दोघांचा. मॅक्सला न्याय की लुईसला अन्याय. नियम ज्या दिवशी दोघांपुरता वापरला गेला, त्या दिवशी बाकीचे सतरा जण त्या रेसमध्ये नव्हतेच असं सगळ्यांनी धरून चाललं. आम्ही बहुतेक जण त्या सतरातले असतो. पहिल्या दोघांत नसतो, पण रेसमध्ये तर असतो ना? नियम ‘सर्वां’साठी लागतो तो आमच्यासाठी. पुढचे दोघे स्वतःचं वकिलांकडून बघून घेतात.

गेल्या महिन्यात लुईसवाल्याच्या मैदानावर गेले होते. पहाटे साडेपाच, धुकं, पंधरावीस मुलं पळतायत. मॅक्सवाला गॅरेज उघडायच्या आधी तिथं येतो आणि कडेला उभा राहून याची वेळ मोबाइलवर लावतो. दोन वर्षं झाली. घड्याळ त्याच्या हातात आहे, आणि लुईसवाला त्याच्या सांगण्यावर एकदाही शंका घेत नाही. ‘दोन सेकंद वाढले’ म्हटलं की शिव्या घालतो आणि पुन्हा रेषेवर जाऊन उभा राहतो.

आता हॅमिल्टन फेरारीत आलाय, २०२५ पासून. त्यामुळे लुईसवाला आणि मी एका पार्टीत आलोय, आणि मॅक्सवाला एकटा पडलाय. आठवं जगज्जेतेपद अजून आलेलं नाही. वाट बघायची आम्हाला सवय आहे, फेरारीवाले आहोत.

तुम्हीही ती रेस पाहिली असेल, तुमचीही पार्टी असेल, आणि हे वाचता वाचता भांडायला हात शिवशिवत असतील. भांडू या की. पण त्याआधी आजूबाजूच्या दोघातिघांना एवढंच विचारा, त्या दिवशी तिसरा कोण आला होता? बघा किती जणांना सांगता येतं.